शनिवारी पेरलेला लव्हाळा

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या घरामागं माझी पाच एकर बागायत आहे, असं मी गावाकडच्या मित्रांना फोनवर सांगतो. मोजायला आलात तर दोन गाड्या शेजारी शेजारी कशाबशा उभ्या राहतील एवढी ती जागा. तीन बाजूंना कंपाउंडची भिंत, चौथ्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी आणि मध्ये वाळू. वाळू अशी, की तिच्यात खिळा पुरला तर तोही गंजायचा आळस करेल. म्हणून तीन वर्षांपूर्वी एका पिकअपवाल्याकडून मी तांबडी माती मागवली. इथं तिला गोड माती म्हणतात. तिच्यात कढीपत्ता आला, मोगरा आला, दोन वांगी आली (मी टोपलीभर सांगतो), आणि मातीच्या पोटात बसून, व्हिसा न काढता, लव्हाळाही आला.

ज्यांनी कधी लव्हाळा उपटला नसेल त्यांना सांगतो. वर दिसायला बोटभर हिरवं, चकचकीत पातं. खाली काळी गाठ, गाठीला दोरा, दोऱ्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिला तिसरी. वरून ओढलं की पातं हातात येतं, गाठ खालीच राहते आणि एक पातं ओढल्याच्या रागानं चार नवी पाठवते. आमच्या लव्हाळ्यानं पाण्याच्या पाइपला भोक पाडलं. कुंडीचा तळ फोडून तो कढीपत्त्याच्या कुशीत शिरला. एकदा तर माझ्या चपलेच्या रबरातून वर आला. चपला तिथं दोन महिने पडून होत्या, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

सायकलवरून फिरणारा एक माळी आमच्या गल्लीत येतो. तो म्हणाला, "साब, दवा मारेगा, खलास." त्यानं दवा मारली. कढीपत्ता पिवळा पडला, मोगरा मेला, आणि लव्हाळ्याला बहुधा टॉनिक मिळालं.

अशात आबांना मी इकडं घेऊन आलो.

आबा म्हणजे माझे वडील. नगरपालिकेच्या बागेत छत्तीस वर्षं माळी होते. आई गेल्यावर गावात दोन खोल्यांत एकटे राहत. एका संध्याकाळी न्हाणीघरात पाय घसरला आणि पडले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला सापडले. हाड मोडलं नव्हतं. पण बारा तास ओल्या फरशीवर पडून होते, आणि त्या बारा तासांत मी दुबईतल्या अल क्वोजच्या आमच्या गोदामात पंपांच्या खोक्यांवर बसून लोकांना हसवत होतो. बहिणीचा फोन आला तेव्हाही माझा एक विनोद अर्धा राहिला होता.

तेव्हाच ठरवलं, आता आबांना एकटं ठेवायचं नाही. व्हिजिट व्हिसावर आणायचं आणि मग वर्षाच्या रेसिडेन्सीचे कागद करायचे. बायकोचीही हरकत नव्हती. उलट मुलीची खोली तिनंच आवरून दिली.

आबांनी सामानात दोन धोतरं, तीन सदरे आणि एक खुरपं आणलं. विमानतळावर कस्टमवाल्यांनी ते खुरपं बाहेर काढलं. ही गोष्ट सांगताना मी म्हणतो की अकरा अधिकारी जमले, एकानं पिस्तुलावर हात ठेवला आणि आबांनी तिथल्या कुंडीतलं तण काढून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं तर अधिकारी दोन होते. एकानं विचारलं, "व्हॉट इज धिस?" मी म्हणालो, "गार्डन." तो म्हणाला, "यल्ला, गो."

गाडीत आबा म्हणाले, "आता घरी जाऊन ह्याचं तू काय करशील त्ये मला म्हाईत हाय. तुझ्या बोलण्यातलं बारा आणे काढून ठिवलं की उरतं त्ये खरं."

पहिले आठ दिवस ते हॉलमधल्या सोफ्याच्या अगदी कडेला बसून राहिले, एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघत बसावं तसे. चहाचा कप स्वतः विसळायचे. चादरीची घडी अशी घालायचे की रात्री तिथं कुणी झोपलं होतं हे कळू नये. मी कागदांचा विषय काढला की म्हणत, "पाव्हणा म्हणून आलोय, पाव्हण्यासारखा जाईन."

नवव्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहिले.

"ह्यो लव्हाळा हाय?"

"आबा, सोडा तो. मोठमोठ्या कंपन्यांनी हात टेकलेत."

"किती कंपन्या?"

"सात."

"म्हंजे एक पोरगं सायकलीवरनं आलं असंल."

बायको तोंडाला पदर लावून हसली. ती पदर वापरत नाही, ओढणी होती. पण हसली हे खरं.

त्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि करार केला. "ह्यो निघस्तोवर मी राहतो. निघाला की तिकीट काढायचं. मधी कागदाचं नाव काढायचं न्हाई." मी चटकन हो म्हणालो. माझा अंदाज होता, लव्हाळा काही या जन्मी निघत नाही.

पण मी आबांना ओळखत नव्हतो. म्हणजे वडील म्हणून ओळखत होतो, माळी म्हणून नाही. त्यांनी सुतळी बांधून बागेचे नऊ पट्टे पाडले. रोज पहाटे पाचला उकिडवं बसायचं आणि एका पट्ट्याचा हातभर तुकडा घ्यायचा. पातं ओढायचं नाही. त्याच्या शेजारून खुरपं घालून माती सैल करायची, दोरा न तोडता बोटांनी खाली उतरायचं, गाठ सापडली की तिच्या दोऱ्याच्या मागं दुसऱ्या गाठीपर्यंत जायचं. कोपरापर्यंत हात मातीत. डोळे भलतीकडे, भिंतीवर किंवा आभाळात, कारण बघण्याचं काम बोटं करत होती. मग ती माती जाळीच्या चाळणीतून चाळायची आणि परत जागेवर भरायची. गाठी काळ्या पिशवीत घालून गच्चीवर उन्हात टाकायच्या. आठच्या आत हातपाय धुऊन आत.

एकदा मी शेजारी बसून एक गाठ काढायला गेलो. दोरा तुटला. आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी कुणाचं तरी नख उपटलंय.

"तू तुझं पंप इक," म्हणाले.

नऊ वर्षांची माझी मुलगी शाळेची बस येईपर्यंत पायरीवर बसून हे बघायची. "आजोबा, इट्स जस्ट ग्रास," ती म्हणायची. "व्हय, यस, यस," आबा म्हणायचे, आणि एक लांबच लांब दोरा तीन गाठींसकट तिच्यापुढं धरायचे. ती किंचाळायची. ते हसायचे. आई गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. जेवण वाढलं. सोफ्यावर ते मागं टेकून बसायला लागले. बायकोला सांगून त्यांनी हॉलमधला मनीप्लांट हलवला, कुणाला न विचारता पडद्याची दोरी दुरुस्त केली. घर त्यांना हळूहळू मानवत होतं.

आणि लव्हाळा संपत होता.

मार्चच्या मध्याला नऊपैकी सहा पट्टे साफ झाले. माती अशी की हात फिरवावा. आबा एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "तीन राह्यलं. म्हैन्याभरात तिकीट बघ." मला ती ओली फरशी दिसली.

आता इथं कुठल्याही शहाण्या मुलानं काय केलं असतं? वडिलांसमोर बसून म्हणाला असता, आबा, मला भीती वाटते, जाऊ नका. हे एवढं वाक्य मला आलं नाही. मी आयुष्यभर अकरा अधिकारी आणि सात कंपन्या बोललो. साधं वाक्य बोलायची जीभच मला नाही.

मी दुसरं केलं. आमच्या शेजारचं घर तेव्हा रिकामं होतं, फाटक उघडं, आणि मागच्या आवारात लव्हाळा गुडघाभर. शनिवारी मला सुट्टी. दुपारी दोन ते चार आबा एसीत झोपायचे, बायको मुलीला पोहायला घेऊन जायची. पहिल्या शनिवारी मी शेजारच्या आवारात गेलो, मूठभर गाठी उपसल्या, पँटच्या खिशात भरल्या आणि आबांच्या साफ केलेल्या दुसऱ्या पट्ट्यात बोटानं भोकं पाडून एक एक सोडली. वर माती सारखी केली. घामानं असा निथळलो की वरून पाणीही घालावं लागलं नाही. लव्हाळा चोरून आणून पेरणारा पृथ्वीतलावर मी पहिलाच असेन, आणि यातले बारा आणे काढायची गरज नाही.

दहा दिवसांनी दुसऱ्या पट्ट्यात हिरवी टोकं दिसली.

आबा बराच वेळ उभे राहून बघत होते. "एखादी गाठ राह्यली असंल," म्हणाले आणि सुतळी मागं सरकवली. मला आनंद झाला. ऑफिसला जाताना त्या दिवशी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये मी गाणं म्हटलं. पुढच्या शनिवारी चौथा पट्टा केला. त्याच्या पुढच्या शनिवारी पहिला आणि पाचवा. मी हुशार होतो ना. ओळीत पेरत नव्हतो, विखरून टाकत होतो, म्हणजे ते खरंच राहून गेल्यासारखं दिसावं.

आणि ते तसंच दिसलं.

एका सकाळी आबा पाचव्या पट्ट्याशी बसले होते, खुरपं मांडीवर. "हितं मी चाळण मारली हुती," ते कुणाला तरी म्हणाले. मी दारात होतो, पण मला म्हणाले नव्हते. मग त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं दाबून पाहिली, एक एक करून, भाजी बाजारात दाबून बघतात तशी.

मुलगी पायरीवरून म्हणाली, "आजोबा, यू ऑलरेडी क्लीन्ड दॅट वन. डोन्ट यू रिमेंबर?"

इंग्रजी त्यांना येत नाही. पण हा शेवटचा शब्द ते टीव्हीवर ऐकून असतील. त्यांनी मान खाली घातली.

त्यानंतर ते प्रत्येक साफ केलेल्या तुकड्याच्या टोकाला आगपेटीची काडी रोवू लागले. संध्याकाळी जाऊन काड्या बघून येत. गॅस बंद आहे का हे दोनदा बघत. एकदा मी घरी आलो तर ते हॉलमध्ये बसून स्वतःशी सहा पट्ट्यांचा हिशेब बोटांवर करत होते, आणि मी आत आल्यावर त्यांनी हात सदऱ्याखाली लपवला.

बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"आबांनी आज मला विचारलं, पोरी, मी कालचं विसरतो काय गं. अहो, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एकच जागा ते तीन तीनदा खणतात. आपण डॉक्टरांना दाखवू या."

"काही झालेलं नाही त्यांना."

"तुम्हाला कसं माहीत?"

मला कसं माहीत! मी म्हणालो, "वयच झालंय गं," आणि हे वाक्य उच्चारताना मला माझी स्वतःची शिसारी आली. तरी उच्चारलं.

डॉक्टरांनी आबांना घड्याळ काढायला सांगितलं, पाच वस्तूंची नावं सांगून परत विचारली, शंभरातून सात सात कमी करायला लावले. आबांनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, चाचा, तुमची मेमरी माझ्यापेक्षा चांगली आहे. परतीच्या वाटेवर बायको खुशीत होती. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डाक्टरला घड्याळ कळतं. हातातलं काय कळणार?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी पेरणं थांबवलं, एवढंच केलं. मला वाटलं, पेरणं थांबलं की लव्हाळा थांबेल, आबांचा विश्वास परत येईल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. पण पेरलेल्या गाठी आता माझं ऐकत नव्हत्या. त्यांनी आपापले दोरे सोडले होते. मेच्या उन्हात नऊच्या नऊ पट्ट्यांतून लव्हाळा उठला, आणि आबा त्याच्यासमोर उकिडवे बसून राहू लागले. खणत नसत, नुसते बसत.

एका सकाळी चहाला बसल्यावर म्हणाले, "तिकीट काढ."

"आबा, अजून लव्हाळा निघाला नाही. आपला करार आहे."

"त्यो माझ्यानं न्हाई निघायचा. हात गेलं माझं." कप खाली ठेवून म्हणाले, "आन् गावच्या खोलीवर न्हाई जात. तुझ्या बहिणीकडं सोडाय सांग. गॅस बिस चालू राह्यला म्हंजे."

लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, असं आयुष्यभर म्हणणारे ते. बहिणीनं किती वेळा हात जोडले होते. एका रात्रीच्या वर कधी राहिले नाहीत.

मी सगळं सांगून टाकलं. शेजारचं आवार, शनिवार, पँटचे खिसे, बोटानं पाडलेली भोकं. पहिल्यांदाच एखादी गोष्ट मी एक कणही न वाढवता सांगत होतो, आणि ती माझ्या सगळ्या गोष्टींत अशक्य वाटत होती. मला स्वतःलाच ऐकू येत होतं ते. मी थांबल्यावर आबा म्हणाले, "ह्यातलं किती काढून ठिवू?"

"काहीच नाही आबा. सगळं खरं आहे."

"माझं मन राखाय बोलतोयस."

"नाही आबा, आईशप्पथ!"

"तिला कशाला मधी आणतोस," म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून शेजारच्या आवारात नेलं. माझे खड्डे दाखवायला. दोन महिन्यांत लव्हाळ्यानं एकूण एक खड्डा भरून टाकला होता, मी तिथं कधी गेलोच नव्हतो असा. मग मी तिथलीच एक गाठ उपटली, आमच्या बागेत आणून त्यांच्यासमोर भोक पाडून सोडली. "अशी, आबा. अशी पेरायचो."

"आत्ता पेरलीस, बघितलं की."

आवाज ऐकून बायको बाहेर आली. तिला वाटलं मी त्यांची समजूत काढण्यासाठी नवी कहाणी रचलीय. "अहो, पुरे करा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "खचलेल्या माणसाशी तरी खरं बोला."

दोन दिवसांनी मशीनमध्ये कपडे टाकताना माझ्या एका जुन्या पँटच्या खिशातून तिला वाळलेल्या गाठी मिळाल्या, मातीसकट, चांगल्या पाच-सात. ती त्या ओंजळीत घेऊन आधी आबांकडे गेली. मी बाहेरून ऐकत होतो.

"आबा, हे खरं बोलत होते. ह्या बघा. त्यांनीच केलं हे. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

आबा म्हणाले, "बागंत बसला असंल कवा, गेल्या असतील खिशात. तू चांगली हायस पोरी. माझ्यासाठी नवऱ्याला चोर ठरवाया निघालीस."

ती बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं ओरडेल, हातातल्या गाठी फेकून मारेल. तेवढा तिचा हक्क होता. तिनं गाठी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, हात धुतले, आणि त्यानंतर आबांना सोडायला निघेपर्यंत माझ्याशी फक्त भाजी कुठली आणायची एवढंच बोलली.

विमानतळावर मी त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. मला खात्री होती ते झिडकारतील. म्हणतील, मी काय लंगडा हाय? मी त्यासाठी उत्तरही जुळवून ठेवलं होतं, एक बरा विनोद होता. व्हीलचेअर ढकलणारा माणूस आला आणि म्हणाला, "चाचा, बैठिये." आबा बसले. पाय पाटीवर कसे ठेवायचे ते त्यानं दाखवलं, तसे ठेवले. पासपोर्टची पिशवी छातीशी धरली. मी वाकून पाया पडलो तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि ठेवल्याबरोबर काढून घेतला, जणू तो तिथं नीट बसला की नाही याचा त्यांना भरवसा नव्हता.

"आबा, मी खरंच केलं होतं हो," मी म्हणालो.

"व्हय, व्हय," ते म्हणाले. मुलीला इंग्रजीला द्यायचे तसंच. "जा आता, तुला कामाला उशीर हुईल."

त्या माणसानं खुर्ची वळवली. मी काचेपर्यंत गेलो. त्या खुर्चीत बसलेला माणूस कुणीही म्हातारा असू शकला असता.